ड्रायव्हर न घालता छापलेलं पत्रक

बहिणीच्या कॉम्प्युटरवर गेम अडखळायचा म्हणून ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेव्हा नवी पेठेतला दुकानदार म्हणाला होता, "घरी येऊन ड्रायव्हर घालून देतो." ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हे मला ठाऊक नव्हतं. हा आणखी काहीतरी गळ्यात मारतोय असं वाटून मी नको म्हटलं. घरी कार्ड बसवलं, तरी गेम अडखळतच राहिला. मी चिडून 'जुनं कार्ड नवं म्हणून विकणाऱ्यापासून सावध' असं पत्रक लिहिलं, त्यात दुकानाचं नाव छापलं आणि पेठेत वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार ते पत्रक घेऊनच दारात आला. "नेते, ड्रायव्हर घातलाय का?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. "दादा, हे त्यांनी सांगितलं होतं व्हय तुला?"

त्यानं ड्रायव्हर घातला, गेममधल्या सावल्यांची सेटिंग कमी केली. गेम सरळ पळायला लागला.

"तुमचं झालं," तो म्हणाला. "माझ्याकडं सकाळपासून एक गिऱ्हाईक न्हाय."

मी तिथंच दुसरं पत्रक लिहायला घेतलं. 'काही गैरसमजामुळे' अशी सुरुवात केली. बहिणीनं ते खोडलं आणि 'माझ्या चुकीमुळे' असं लिहून घेतलं.