उघडलेले आठ डबे

माझी थोरली बहीण तुळसाबाई हिचे यजमान उकंडराव हे आसेगावचे. मुंबईच्या एका स्टुडिओत त्यांनी सात वर्षे कॅमेरामनच्या हाताखाली काढली आणि १९५६ साली चावी देऊन चालणारा एक जुना कॅमेरा घेऊन ते गावी परतले. पाठीशी कुठलीही कंपनी नव्हती. मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्याचे वर्षभराचे जगणे त्यांना पडद्यावर आणायचे होते. तांड्यातली माणसे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जात आणि होळीला परतत.

होळीच्या नाचात धनीबाई सगळ्यांत पुढे असे. वय सत्तरीचे, पण पाय थकत नसत. कॅमेरा समोर आला की ती थांबून विचारी,

"काहून रे उकंड्या, मले त्या पेटीत कोंडून राह्यला का?"

"कोंडत नाही आजी, मुंबईले नेतो."

"मंग भाकर बांधून दे ना! म्हातारीले उपाशी नेतं का?"

पुढच्या भाद्रपदात ती तापाने गेली. तिचा साधा फोटोही कुणी कधी काढलेला नव्हता. तिचा मुलगा उदयसिंग तांड्यातून चालत आसेगावला आला आणि ओट्यावर बसला.

"भाऊ, माय दिसन ना? हालता-चालता?"

"दिसन. तुमी कामावर जायच्या आधी तांड्यात पडदा लावतो."

वर्षभराची सगळी फिल्म आठ डब्यांत होती. प्रत्येक गुंडाळी काळ्या कागदात, झाकणाला चिकटपट्टी. ती मुंबईला धुवायची होती. पण टपालावर उकंडरावांचा भरवसा नव्हता, स्वतःच नेणार होते. धुण्याआधी उजेड लागला तर सारे जाते, हे त्यांनी मला समजावले होते. तुळसाबाईला सांगायचे मात्र त्यांना कधी सुचले नाही.

खंडेनवमीला उकंडराव आणि मी मुंबईला तार करायला मंगरूळपीरला गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी अवजार उघडे करून पुजतात. नांगराचा फाळ घासून ठेवतात, शिवणयंत्राचे झाकण काढतात. दुपारी परतलो तर अंगणात, ऐन उन्हात, पाटावर कॅमेरा होता आणि त्याच्यापुढे आठही डबे उघडे. काळे कागद घडी करून बाजूला ठेवलेले. प्रत्येक गुंडाळीवर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल.

"लय घट्ट होत्या पट्ट्या," तुळसाबाई म्हणाली. "नुसत्या डब्याले कुंकू लावून काय फायदा? आतलं पुजावं लागते. एकही सोडला नाही म्या."

उकंडराव पाटासमोर उभेच राहिले. माझ्या तोंडून शब्द निघणार, तोच त्यांनी माझे मनगट दाबले.

"बरं केलं," ते म्हणाले. "परसाद दे."

आतल्या वेढ्यांत काही वाचले असेल, या आशेने ते चौथ्या दिवशी मुंबईला गेले. सगळी फिल्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी निघाली.

ते परतले तोवर दिवाळी उलटून बाकीचा तांडा कामावर निघून गेला होता. उदयसिंग तेवढा थांबला होता. उकंडरावांनी तांड्यात जाऊन त्याला सांगितले, "माह्या हातून गेली."

"थोडीशी बी नाही? हात, पाय, काई?"

"नाही."

उदयसिंग आत गेला, बांधून ठेवलेले गाठोडे डोक्यावर घेतले आणि त्यांच्याकडे न बघता सडकेला लागला.

त्यांनी कॅमेरा विकला आणि पुढे मंगरूळपीरला लग्नाचे फोटो काढत आयुष्य काढले. तुळसाबाईला त्यांनी कॅमेऱ्यातच खोट होती असे सांगितले. घरी कुणी पाहुणे आले की ती म्हणे, "खराब कॅमेरा देऊन त्या मुंबईवाल्यानं फसवलं यायले. नाही तं कुठल्या कुठी गेले असते." उकंडराव खाली बघून जेवत राहत. तिला दुजोरा मी देत असे. ती मागच्या वर्षी गेली, म्हणून हे आज लिहिता आले.