चुका भिंतीवर लावणाऱ्या मॅडम

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते. मॅडमविषयी लिहायचं आणि चूक लपवायची, हे बरं दिसत नाही.

निगडीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेच्या बाटल्या धुते. तिथल्या मॅडमची तऱ्हाच वेगळी. लोक भिंतीवर बक्षिसं लावतात, त्या स्वतःच्या चुका लावायच्या. चहाच्या टेबलामागे नुसते कागद, त्यांवर लाल रेघा. मला आधी वाटलं, बाईंना एवढ्या नोटिसा येतात, यांची नोकरी काही टिकत नाही.

एकदा त्यांनीच समजावलं. "मंदाताई, शोध लागला की आम्ही लेख लिहितो. छापण्याआधी बाहेरचे जाणकार तो तपासतात, खोट काढतात. त्यांचीच ही पत्रं."

"मग कपाटात ठेवा की. चारचौघांत कशाला?"

"चूक झाकली की कुजते. उघड्यावर टाकली की वाळते."

लेखही त्या अशाच मासिकाला द्यायच्या, जे कुणालाही फुकट वाचता येतं आणि जाणकारांचे प्रश्न, आपली उत्तरं, सगळं लेखाखाली छापतं. शेजारच्या खोलीतले सर टोमणा मारायचे, "काय मॅडम, आज कुठलं धुणं वाळत घातलंय?" मॅडम म्हणायच्या, "तुमचं कधी दोरीवर दिसलं नाही सर. धुता तरी का?"

तीन वर्षं त्या शेवाळावर काम करत होत्या. सांडपाण्यातला एक रंग शेवाळ मारतो का, हे बघायचं होतं. काही बाटल्यांत रंग घालायचा, काहींत नाही, आणि हेच पुन्हा पुन्हा, खेपेखेपेनं. बिनरंगाचं शेवाळ हिरवं राहिलं, तरच रंगाला दोष देता येतो. लेख गेला आणि परदेशातल्या एका तपासनीस बाईंचं पत्र आलं. तिसऱ्या खेपेला बिनरंगाचं शेवाळही पिवळं का पडलं? उत्तर नसेल तर लेख घेऊ नये.

मॅडमनी ते पत्रही भिंतीवर लावलं. पंधरा दिवस त्या त्याकडे बघत बसायच्या, चहा निवून जायचा.

उत्तर मला ठाऊक होतं. त्या खेपेला धुण्याचा साबण संपला होता आणि मागायची मला लाज वाटली. घरची भांड्यांची पावडर आणून मी बाटल्या घासल्या. अशा लखलखल्या, की शुद्ध पाण्यातून तीनदा काढायच्या त्या एकदाच काढल्या.

कुरुळीला घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप ऱ्हा. तुला कोण इचारतंय का? तोंड उघडलंस तर काम जाईल."

दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "मॅडम, ते शेवाळ मी मारलं." मग सगळं सांगून टाकलं. मागे खुर्ची जोरात सरकली.

"अहो, मी पंधरा दिवस पुस्तकं धुंडाळतेय आणि उत्तर मला रोज चहा करून देतंय!"

मग रागावल्याही. "साबण संपला तर सांगायचं. आणि तुम्ही सांगत नाही, तर मी विचारायला हवं होतं. चूक दोघींची. तशीच लिहू. तुमचं नाव नको असेल तर घालत नाही."

मी पदराचं टोक पिळत राहिले. मग म्हटलं, "घाला. लोक बाटल्या तरी नीट धुतील."

सगळा प्रयोग पुन्हा मांडला. निम्म्या बाटल्या मी मुद्दाम पावडरीनं घासून एकदाच पाण्यातून काढल्या, निम्म्या रीतीप्रमाणे धुतल्या. पावडरीच्या बाटल्यांत बिनरंगाचं शेवाळही पिवळं पडलं. रीतीच्या बाटल्यांत बिनरंगाचं हिरवंगार राहिलं आणि रंगातलं मेलं. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं!

तपासनीस बाईंचं उत्तर मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवलं, दार उघडं ठेवून, शेजारच्या सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "लेख जरूर छापा. आणि मंदाताईंना सांगा, आमच्याकडे बाटल्या कोण धुतं, हे आज मी पहिल्यांदा जाऊन विचारलं."

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा भिंत रिकामी केली. शेवाळाबद्दल विचारणारा तो एक कागद ठेवला. "हा तुमचा." आणि जाताना नियम घालून गेल्या, प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या नव्या मुलींनी पहिला आठवडा माझ्याकडे बाटल्या धुवायच्या.

परवा एकीनं बाटली उजेडात धरली. "मावशी, बघा कशी चमकतेय!"

"चमक राहू दे. किती पाण्यांतून काढलीस?"

तिनं मान खाली घातली. "दोनच."

"शाबास, खरं बोललीस," मी म्हटलं. "आता तिसरं."