लहानीची बाजू

मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, तेही पहिल्या वर्गात. माझी जाऊ, जिला घरात सगळे लहानी म्हणतात, ती बारावीपर्यंत शिकलेली. हे आधीच सांगते, कारण आमच्या कोंढा गावातल्या घरात ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

धान निघालं की सासरे दुपारच्या चहाला छपरीत बसत आणि आत हाक मारत, "लहानी, ये वो! आज होऊन जाऊ दे." लहानी तुमसरची. तिचे वडील राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचे, त्यामुळे भाव कसे पडतात आणि कसे चढतात हे ती लहानपणापासून बघत आलेली. सासऱ्यांचं म्हणणं एकच, सगळं धान सरकारनंच घ्यावं.

"हमीभाव नसला तं व्यापारी आपल्याले खाऊन टाकते," ते म्हणत.

"अन् सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना नाही, पोते नाही म्हणून आपलं धान उघड्यावर पडून होतं, ते कोनं खाल्लं? उंदरानं! मामाजी, दहा व्यापारी दारात येऊ द्या. भांडू द्या त्यायले आपसात. भाव आपोआप वर जाते."

"अन् दहाही जन एक झाले तं?"

"तवा सरकारले बोलवा. रोज कायले पाहिजे ते?"

सासरे मांडीवर थाप मारून हसत. मी मागे उभी राहून चहा गाळत असे. माझ्याजवळ दोघांनाही उत्तरं होती, पण मला कुणी विचारत नव्हतं.

एकदा कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "मामाजी, आधारभूत किमतीमुळे पीकरचनेत विकृती निर्माण होते." ते आदरानं म्हणाले, "हो बाई, बरोबर आहे," आणि लहानीकडे वळले. त्यांनी मला खोडून काढलं असतं तर एवढं लागलं नसतं.

त्याच हंगामात पवनीला महिला बचत गटांची वादविवाद स्पर्धा ठरली. विषय होता, शेतमालाचा बाजार मोकळा सोडावा की सरकारनं हात घालावा. सासऱ्यांनी लहानीचं नाव दिलं. माझं नाव त्यांना सुचलंसुद्धा नाही.

संध्याकाळी लहानी माझ्याजवळ आली. "ताई, तुमाले पुस्तकातलं येते. मले लिहून द्या ना थोडंसं."

मी दोन पानं भरून लिहून दिलं. त्यात मागणीची लवचिकता होती, संसाधनांचं इष्टतम वाटप होतं. तेच सोप्या शब्दांत लिहिता आलं असतं, पण मी लिहिलं नाही. ती कुठे अडखळेल हे मला लिहितानाच दिसत होतं.

ती तिथेच अडखळली. सभागृहात सासरे पहिल्या रांगेत बसले होते. लहानीनं लवचिकतेचं वाक्य तीनदा सुरू केलं, मग गर्दीत मला शोधू लागली. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. ती "धन्यवाद" म्हणून खाली बसली.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "तुमी इतकी मेहनत घेतली ताई, माज्याच डोक्यात नाही बसलं."

त्यानंतर सासऱ्यांनी हाक मारली तरी ती छपरीत जाईना. "मले काय समजते? ताईले विचारा," म्हणायची. सासरे मला विचारू लागले. मी बोलायची, ते मान हलवायचे. आठ दिवस ते नुसती मान हलवत होते. मला हवं ते सगळं मिळालं होतं, आणि छपरीत चहा पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी तांदूळ निवडताना मी लहानीला सांगून टाकलं. "ते भाषण मी मुद्दाम अवघड केलं होतं."

तिचा हात थांबला. "काहून ताई?"

"मामाजी तुझ्याशी भांडतात. माझ्याशी नाही भांडत."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी गावात व्यापाऱ्याचा मेटॅडोर आला आणि सासरे छपरीतून ओरडले, "एक पोतं देनार नाही त्याले!" तशी लहानी कणकेच्या हातानं बाहेर गेली. "भाव तं विचारा आधी!"

मीही गेले, खाली बसले आणि साधं बोलायचं ठरवून म्हटलं, "दोघंही चुकता. सरकार धान घेते म्हणून आपण नुसतं धानच लावतो. तूर लावून पाहा ना."

"धानाच्या बांधीत?" लहानी म्हणाली. "पानी भरून राहते तिथं! तूर वर उंच धुऱ्यावर लावतेत ताई, बांधीत सडून जाईन ते."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझे कान तापले, पण मी उठले नाही.

यंदा आमचं अर्धं धान केंद्रावर गेलं, अर्धं व्यापाऱ्याला. हा तोडगा लहानीचा. सासऱ्यांनी तो चार लोकांत कौतुकानं सांगितला, तेव्हा मी तिथेच होते. हे मला का सुचलं नाही, एवढंच माझ्या मनात आलं.