विश्रांतीवर गेलेली स्पर्धा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या एका जपानी कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कंपनी जपानमध्ये व्यावसायिक गोल्फपटूंची स्पर्धा भरवायची. सकाळी मी लंडनजवळच्या पिनरमधल्या घरून धापा टाकत पोचेपर्यंत तिकडचा दिवसाचा खेळ आटोपलेला असायचा आणि फॅक्सवर निकाल येऊन पडलेला. तो टाइप करून इथल्या वर्तमानपत्रांना पाठवणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी मी क्रिकेटच्या हिशेबाने सर्वांत मोठ्या आकड्याला पहिला नंबर देऊन टाकला. गोल्फमध्ये सर्वांत कमी आकडेवाला जिंकतो; माझ्या जपानी साहेबांनी यादी उलटी करून दिली.

दुसऱ्या वर्षी वादळामुळे एक फेरी रद्द झाली. तिसऱ्या वर्षी कुणा नवख्याने मोठमोठ्यांना धूळ चारली. मला ते मैदान डोळ्यांनी बघायचंच होतं. "पुढच्या वर्षी तुम्हीही चला," साहेब म्हणाले, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना. मी रजा साठवायला लागले. पुण्याला आई एकटी होती. "मेमध्ये येतेस ना?" हे तिच्या प्रत्येक पत्रात असायचं. मी कळवायची, यंदा जपान, पुढच्या वर्षी तुझ्याकडे.

"अगं, लीव्ह कॅरी ओव्हर करून करून तू डायरेक्ट रिटायर होशील," नवरा म्हणायचा.

चौथ्या वर्षी कामं निघाली आणि माझं जाणं राहिलं; आईला ते कळवायचंही राहूनच गेलं. पाचव्या वर्षी फॅक्स आला, यंदा स्पर्धा विश्रांती घेत आहे. तिकडे कंपनीचे दिवस फिरले होते. पुन्हा कधी, असं विचारल्यावर साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जरा कठीण आहे. विचार चालू आहे." आमच्या घरी वडिलांचं 'बघू' म्हणजे साफ नकार, हे मला फ्रॉकच्या वयापासून ठाऊक. तरी इथे मी मूर्खासारखी विचार चालू आहे असंच धरून बसले. आणखी एक वर्ष रजा राखली. रोज कोट न काढताच फॅक्सपाशी जायची.

शेवटी एका जपानी सहकारिणीला माझी कीव आली आणि तिने सांगून टाकलं. स्पर्धा कायमची बंद झाली होती. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून 'विश्रांती' असं लिहितात, एवढंच. हे ऑफिसात माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पुण्याला फोन लावला. "आई, मेमध्ये येते. चांगली महिनाभर!"

"मेमध्ये मी नाही गं. शेजारणींबरोबर सिमल्याला चाललेय. तुझी वाट बघत घरात बसायचा कंटाळा आला बाई."

मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. जा, मजा कर, असं काहीतरी मी बोलले.

"आणि जपान कसं होतं, ते सांगितलंच नाहीस," ती म्हणाली. "आल्यागेल्याला मी सांगत असते, लेक जपानला जाऊन आली म्हणून."