आईच्या गादीवरची गळती

गेल्या ऑगस्टमध्ये वरूडहून अमरावतीला येताना आमच्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या घरगाडीत, आईच्या गादीवर पाणी गळले.

"आता म्या नाही झोपत या गाडीत," आई म्हणाली.

मी गादीच्या वर छताच्या सांध्यात फटी बुजवायचे सीलंट भरले. गळती थांबली नाही. मग बायकोने आतल्या सगळ्या सांध्यांवर आणि स्क्रूंभोवती कोरडी हळद लावली आणि कपाशीचा फवारणी पंप पाठीवर घेऊन बाहेरून एकेक सांधा भिजवला. गादीपासून दूर, खिडकीवर बाहेर लावलेल्या दिव्याच्या स्क्रूपाशी हळद ओली झाली.

"पाणी गयते तिथंच भोक असते काय रे? सुनेले विचारायचं," आईने सुनावले.

बायकोने स्क्रू काढून, जुने सीलंट खरवडून नवे भरले.

पुढच्या फेरीत बार्शीटाकळीला जाताना वाटभर पाऊस होता. आई गाडीतच झोपली. सकाळी गादी कोरडी होती.