बद्द कौलं

माझा भाऊ कराटे शिकत होता तेव्हा त्याच्या सरांविषयी आमच्या शिरगावात काय काय बोललं जायचं, ते आधी सांगते. सर म्हणे सात वर्षं चीनमधल्या एका मठात राहिले होते. सर म्हणे एका बोटाने बैल झोपवतात. डोक्यावर ट्यूबलाइट फोडून घेतात, पोटावरून मोटरसायकल नेतात आणि समोरच्या माणसाला हात न लावता पाडतात. बैलाचं ऐकून माझे वडील म्हणाले होते, "आपला बैल तर सदा झोपलेलाच. त्याला उठवायचं काय शिकवतात का, ते इचार."

ट्यूबलाइट आणि मोटरसायकल मी डोळ्यांनी पाहिली. हात न लावता पाडणंही पाहिलं, पण पडणारी सगळी पोरं त्यांच्याच क्लासची होती आणि त्यांत पहिला नंबर माझ्या भावाचा. मी त्याला एकदा विचारलं, "तू का रे पडतोस?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "पडायला होतं, ताई. सर बघतात ना, तेव्हा पडायलाच होतं."

मी हसले. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते, विषय फिजिक्स. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. हे मी आजही अभिमानाने सांगते. तेव्हा तर लोकांनी विचारायच्या आधीच सांगायचे.

भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावी दुसऱ्या झटक्यात सुटला आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर अप्रेंटिस लागला. हात चांगला होता त्याचा. फोरमनने वडिलांना निरोप धाडला होता, पोरगा असाच राहिला तर वर्षाच्या शेवटी कायम करून घेऊ. आमच्यासारख्या भातशेतीवाल्या घरात कायम नोकरी म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पण घरात, गावात त्याची ओळख काय, तर "हिचा भाऊ". कमी बोलायचा. चारचौघांत आला की कुठे उभं राहावं ते त्याला कळायचं नाही.

क्लास उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये होता. खाली बॅगा शिवायचा कारखाना आणि वर पत्र्याच्या शेडमध्ये सरांचा हॉल. पहिली पाळी संपली की तो अंबरनाथहून थेट तिकडे जायचा. सहा महिन्यांत त्याची चाल बदलली. गणपतीत आमच्या मंडळाच्या स्टेजवर सरांनी डेमो ठेवला, त्यात भावाने हाताच्या कडेने एकावर एक रचलेली सहा कौलं फोडली. ज्या पोरांनी त्याला शाळेत 'मुका' म्हणून पिडलं होतं, त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन देवळापर्यंत नाचवलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आता ती कौलं. वडील शेतीबरोबर घरं शाकारायचे. म्हणजे पावसाआधी लोकांच्या छपरांवर चढून कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि चांगली परत बसवायची. प्रत्येक कौल ते उचलून बोटाच्या पेराने वाजवायचे. चांगलं कौल खणखणीत बोलतं. ज्याला आतून बारीक चीर गेलेली असते ते बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. वरून बघाल तर दोन्ही सारखीच. ही बद्द कौलं आमच्या परसात रचून ठेवलेली असायची. आणि सर प्रत्येक डेमोच्या आधी कुणाची तरी हातगाडी घेऊन तीच न्यायला यायचे. "काका, ती कोपऱ्यातलीच द्या."

मी वडिलांना विचारलं, "बाबा, ते तुमची बद्द कौलंच का नेतात?"

"चांगलं कौल कुणी फोडायला देतं काय, बाय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

ते बिडी विझवून म्हणाले, "पोराला उभं राहायला जागा मिळाली. राहू दे त्याला उभा."

मी राहू दिलं. वर्षभर तोंड बंद ठेवलं, आणि त्याचं मला मोठं कौतुक होतं. डेमोत आणखी एक गोष्ट मी हेरली होती. दोन कौलांच्या मध्ये सर दोन्ही बाजूंना लाकडाच्या चिपा ठेवायचे. त्यामुळे कौलं एकमेकांना टेकत नाहीत. वरचं फुटतं, ते खालच्यावर आपटतं, ते त्याच्या खालच्यावर. हाताने मोडायचं असतं ते एकच. हे मी वहीत आकृती काढून स्वतःला सिद्धसुद्धा करून दाखवलं होतं.

मग माझा निकाल लागला. सेकंड क्लास मिळाला. आईने बदलापूरच्या बाजारातून पेढे आणले, संध्याकाळी अंगणात दहा-पंधरा माणसं जमली. आदल्याच रविवारी भावाने अंबरनाथला एका मैदानात आठ कौलं फोडली होती. माणसं पेढा माझा खात होती आणि बोलत होती त्याच्या कौलांविषयी. शेजारची म्हातारी उशिरा आली. तिने आईला विचारलं, "कसले गो पेढे?" कुणीतरी सांगितलं, "कराटेवाल्याची बहीण पास झाली."

सगळे हसले. भाऊही हसला, आणि त्याचं ते हसणं मला सहन झालं नाही.

मी उठून परसात गेले, दोन कौलं घेऊन आले. एक बद्द, एक चांगलं. सगळ्यांसमोर वाजवून दाखवली. म्हटलं, "ऐका. हे खणखणीत कौल आणि हे फुटकं. ह्याचे सर फुटकी नेतात, बाबा काढून देतात. शिवाय मध्ये चिपा घालतात, म्हणजे सगळी फोडायला नकोत. एवढंच कराटे. त्या सरांना म्हणावं, चिपा काढून चांगली कौलं फोडून दाखवा."

कुणी हसलं नाही. एक काका म्हणाले, "पोरगी शिकली रं खरंच." मला ते तेव्हा कौतुक वाटलं.

भावाने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, खरंय?"

वडिलांनी पागोट्याचं टोक सारखं केलं. "कौल ते कौलच," ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला जायच्या वेळी भाऊ घरात नव्हता. मी चहा घेऊन परसात गेले तर तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, उजवा हात डाव्या काखेत दाबून. समोर दोन विटांच्या थप्प्यांवर चार कौलं होती. शेजाऱ्यांच्या छपरासाठी वडिलांनी निवडून ठेवलेल्यांतली, खणखणीत. एकावर एक, अंगाला अंग लावून. वरच्या एकाचा कोपरा तेवढा उडाला होता. चिपा त्याने बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या.

माझं ऐकूनच त्याने त्या काढल्या होत्या.

मी म्हटलं, "दाखव."

"काय नाय."

"अरे, दाखव तरी."

"तू जा, ताई."

हात दुपारपर्यंत पपईसारखा सुजला. करंगळीच्या मागचं हाड जिथे वर दिसायला हवं तिथे खळगा पडला होता. मला दिसत होतं. मी आईला म्हटलं, "ह्याला दवाखान्यात नेऊ, फोटो काढायला हवा हाताचा." आई चुलीपुढून उठली नाही. "तू आता बोलू नको," ती म्हणाली. "काल बोललीस तेवढं पुरे झालं."

संध्याकाळी सर आले. भावाने क्लासच्या एका पोराकडून निरोप धाडला होता. कॅम्प दोनहून बदलापूर आणि तिथून चालत शिरगाव, पिशवीत तेलाची बाटली घेऊन. त्यांनी हात मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबून बघितला. भावाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण तोंडातून आवाज नाही. सर म्हणाले, "शाब्बास बच्चा. हड्डी को कुछ नहीं हुआ. नस चढली आहे फक्त. पॉइंट दाबला की उतरेल. दर्द दिमाग में है, समझा?" त्यांनी तेल चोळलं, कसला पाला बांधला आणि वर कापडाची पट्टी.

ते खोटारडे असते तर सोपं होतं. ते दर दोन दिवसांनी आले. आमच्याकडून चहाखेरीज काही घेतलं नाही. पट्टी सोडताना भावाच्या तोंडावर फुंकर घालायचे, लहान पोराला घालतात तशी. त्या तेलावर त्यांचा खरोखर विश्वास होता. कौलांचं त्यांना माहीत होतं, तेलाचं नव्हतं.

आणि मी? हाड मोडलं की दोन टोकं समोरासमोर आणून प्लास्टर घालावं लागतं, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. मला माहीत होतं. कौलांचं खरं बोलले नसते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं, ते मी दहा-पंधरा माणसांसमोर बोलले. हाताचं खरं एकदाच बोलले, तेही हळू आवाजात, आणि गप्प बसले. आई बोलली म्हणून, भाऊ तोंड फिरवायचा म्हणून. खरं सांगायचं तर रागही होता. माझं ऐकायचं नाही ना, मग बसा तेल चोळत. तीन आठवडे मी त्याच घरात त्याच माणसांबरोबर जेवले, आणि रोज तो हात बघितला.

तीन आठवड्यांनी तो कामावर गेला तर हँडल धरवेना. फोरमननेच त्याला डॉक्टरकडे पाठवलं. एक्सरे निघाला. डॉक्टर म्हणाले, दोन हाडं मोडून वाकडी जुळलीत. आता परत मोडून सरळ करावी लागतील, तरी बोटं पूर्ण मिटतील असं सांगता येत नाही.

"परत मोडायची?" भावाने एवढंच विचारलं. आणि तो उठून बाहेर आला. त्यानंतर मी त्याला किती समजावलं. आता मात्र माझं तोंड थांबत नव्हतं. तो ऐकून घ्यायचा, उठून जायचा.

कारखान्याने वर्ष पूर्ण होऊ दिलं आणि कायम केलं नाही. फोरमन वाईट माणूस नव्हता, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नसेल तर लेथवर काय करणार? भाऊ कॅम्प दोनमध्ये त्याच बॅगांच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. संध्याकाळी वर सरांकडे जायचा. आता फोडाफोडी नाही, लहान पोरांची हजेरी घ्यायचा आणि त्यांना रांगेत उभं करायचा. वडिलांनी त्या वर्षापासून दुसऱ्यांची घरं शाकारणं सोडलं. कारण कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

मला अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली. लग्न झालं. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाल्यावर सर क्लास बंद करून कुठेतरी गुजरातकडे निघून गेले. भावाला तेवढ्यातच चिखलोलीच्या बाजूला एका गोडाऊनवर बरं काम मिळालं होतं. एका रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेले. त्याची बायको आत वाढून घेत होती. तो माझ्यासमोर जेवत होता. आमटी-भात कालवून घास उचलला की त्या न मिटणाऱ्या दोन बोटांमधून शितं खाली पडायची, आणि तो डावा हात खाली धरून ती झेलायचा. बघूनसुद्धा नाही, सवयीने. किती वर्षं तो असा जेवत होता आणि मी बघत होते.

मी म्हटलं, "माझं चुकलं रे. तेव्हाच्या तेव्हा तुला ओढत दवाखान्यात न्यायला हवं होतं. मला माहीत होतं."

त्याचा घास हातात राहिला. त्या विषयावर आम्ही सात-आठ वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

"दवाखान्याचं काय," तो म्हणाला. "सरांनी केलं की सगळं. हात तेव्हा नाय बिघडला, ताई."

"मग?"

"तू अंगणात बोललीस ना, तेव्हा बिघडला. त्याच्या आधी मी किती वेळा मारलं. कधी मनात आलं नाय. त्या सकाळी हात वर घेतला आणि पहिल्यांदा मनात आलं, नाय फुटलं तर? सर सांगायचे, शंका आली की हात मोडतो. तसंच झालं." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. मला समजावून सांगत होता, जसं मी वर्गात पोरांना सांगते. "तू बोलली नसतीस तर चारही फुटली असती बघ. चिपा नसत्या तरी."

माझ्याकडे उत्तर होतं. फळ्यावर आकृती काढून दाखवावं इतकं सोपं होतं. अंगाला अंग लावून ठेवलेली चार खणखणीत कौलं कुणाच्याच हाताने फुटत नाहीत, मनात काही येवो नाहीतर न येवो. मारणारे सर असते तरी नाही.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांनी सरळ बघत होता.

"हो रे," मी म्हणाले. "फुटली असती."

"चार काय, सहा तर नक्की," तो म्हणाला आणि जेवायला लागला.