अंधुक दीर्घिका आणि आमचे बाबू

वसमतच्या आमच्या कॉलेजातले बाबू कुठलाही अर्ज मोठ्यानं वाचतात, प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" विचारतात आणि चूक नसली तरी एखादा शब्द बदलतातच. माझा संशोधनाच्या रजेचा अर्ज त्यांनी दोनदा परत केला.

"मॅडम, अंधुक दीर्घिकाच काहून? चांगल्या उजळ घ्या ना."

मी वैतागून सांगितलं, "दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वस्त्या. त्यांच्या समूहातल्या अंधुक दीर्घिकांत तारे विरळ असतात, गुरुत्वाकर्षण क्षीण असतं. त्याचा नियम बदलायला हवा का, ते तिथंच कळेल." त्यांनी मान डोलावली, आणि विद्यापीठात पाठवताना 'अंधुक' खोडून 'तेजस्वी' लिहिलं. तेजस्वी दीर्घिकांत ही तपासणी होतच नाही, म्हणून अर्ज नामंजूर झाला.

मी त्यांच्या टेबलावर फाईल आपटली. दुसऱ्या दिवशी स्वतःची रजा टाकून ते एसटीनं विद्यापीठात गेले, चूक आपली असल्याचं लिहून दिलं आणि मंजुरी घेऊन आले.

"तिथले साहेब हसून राहिले व्हते," कागद देताना ते म्हणाले. "म्हणे, वसमतात बसून गुरुत्वाकर्षण तपासता व्हय? मी म्हणलं, आमच्या मॅडम तपासून राहिल्या. मी रोज बघतो."

मी त्यांना आजवर एकाही दीर्घिकेचं चित्र दाखवलं नव्हतं. त्या दुपारी दाखवलं.